रानमाठाचा गोतावळा

तणाला पंगतीचं आवतण कोणी देत नाही, तरी पहिल्या पानावर बसलेलं असतं ते तणच. शेतकऱ्यानं सोयाबीन पेरावं आणि ते उगवण्याआधीच रानमाठानं डोकं वर काढून "या, बसा" म्हणावं, हे वऱ्हाडाला नवीन नाही. २०४४ सालच्या जुलैत मात्र एका रानमाठानं हद्दच केली. जे औषध अजून बाजारात आलं नव्हतं, ज्याचं धड बारसंही झालं नव्हतं, ते त्यानं पचवून दाखवलं.

त्या रानमाठाच्या पानाचा अहवाल सकाळी साडेदहाला प्रणिता गावंडेच्या टेबलावर आला आणि तिच्या चहावर साय धरली.

प्रणिता तण संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. वय अडतीस, लग्न केलेलं नाही, राहायला केंद्राच्याच आवारातलं क्वार्टर. जुनी तणनाशकं एकामागून एक निकामी झाल्यावर केंद्रानं नवं औषध शोधायला घेतलं होतं. आठ प्रयत्न फसले, नववा लागू पडला, म्हणून सगळे त्याला नऊ नंबर म्हणत. चार वर्षं नऊ नंबरची फवारणी केंद्राच्या मागच्या चाचणी-वाफ्यांवर चालली होती. पुढच्या हंगामात ते जिल्ह्याला मिळायचं होतं आणि अख्खा जिल्हा त्याची वाट बघत होता, कारण निंदायला माणसं मिळत नव्हती आणि जुन्या औषधांना तण भीक घालत नव्हतं.

"भाट चुकला असेल," केंद्राचे प्रमुख डॉ. टापरे म्हणाले.

"तीनदा लावून बघितलं सर. तिन्ही वेळा तेच."

भाट म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. पानाचा तुकडा त्यात ठेवला की बारा मिनिटांत ते त्या पानातली जनुकं वाचतं आणि दोन गोष्टी सांगतं. एक, हे तण कुठल्या कुठल्या औषधांना दाद देणार नाही. आणि दोन, ते कोणाच्या वंशातलं आहे. गावोगावच्या लाखो पानांच्या नोंदी साठलेल्या, त्यामुळे मुलगी कोण, आई कोण, चुलत कोण, सगळं त्याला ठाऊक. सरकारी कागदात त्याचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. पण पूर्वी सुगी झाली की दारात भाट यायचे आणि पोथी उघडून घराण्याच्या सात पिढ्या म्हणून दाखवायचे, हे म्हाताऱ्यांच्या लक्षात होतं. त्यांनी यंत्राला भाट म्हटलं आणि तेच रूढ झालं.

"मूळ वावर शोधा," टापरे म्हणाले. "पंधरा दिवस देतो. मूळ सापडलं की पाटी लावू, मगच नऊ नंबरचा विचार. नाहीतर बाजारात यायच्या आधीच त्याचं तेरावं घालावं लागेल."

पाटीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ज्या वावरातून औषधाला न जुमानणारं तण पसरलं, तिथं 'मूळ वावर' अशी पिवळी पाटी लागे. तीन पावसाळे पेरणी बंद. राहणं बंद, ये-जाही बंद, कारण रानमाठाचं बी खसखशीएवढं, ते चपलेच्या तळव्याला आणि लुगड्याच्या काठाला चिकटून गावभर होतं. केंद्राची माणसं यायची आणि उगवलेलं प्रत्येक रोप फुलायच्या आत उपटायची. सरकार भरपाई द्यायचं, पण पाटीवर मालकाचं नाव असायचं आणि त्याची भरपाई नव्हती.

प्रणिताला हे काम नवीन नव्हतं. गावोगावच्या सभांमध्ये ती हेच समजावून सांगत फिरायची. "औषध तणाला काही शिकवत नाही बरं का," ती सांगायची. "तण हुशार होत नाही. एका वावरात रानमाठाची लाखो रोपं असतात, त्यात एखादं जन्मतःच वेगळं असतं. समजा, झाडाच्या जगण्याचं एक कुलूप आहे आणि औषध म्हणजे त्यात अडकवायची काडी. काडी अडकली की झाड उपाशी मरतं. पण या एका झाडात ते कुलूप तयार करणाऱ्या जनुकाच्या शंभर प्रती झालेल्या असतात. कुलपं शंभर, काड्या मोजक्या! तुम्ही फवारता, बाकीची मरतात आणि रान मोकळं करून मिळतं त्या एकाला. ते एकटं दोन लाख बिया टाकतं. पुढच्या वर्षी तुम्ही तेच औषध जास्त फवारता. म्हणजे तुम्हीच निवड करता. आम्ही चांगलं बियाणं निवडतो ना, अगदी तशी."

लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन जास्त फवारायचे.

नऊ नंबरला पुरून उरलेला माठ आतापर्यंत चार गावांत सापडला होता. प्रणितानं नकाशा उघडला. असं तण सहसा रस्त्यानं पसरतं. हार्वेस्टर एका गावातून दुसऱ्या गावात जातं, त्याच्या पोटात बी जातं. भुसा-कुटाराच्या ट्रॉलीतून जातं, शेणखतातून जातं, वाऱ्यावर पराग जातात. ही चार गावं मात्र एका रस्त्यावर नव्हती. एक अडाण नदीच्या अलीकडे, एक पलीकडे, एक पार पुसदच्या घाटाखाली, एक मंगरूळच्या अंगाला. चौघांचं एकच हार्वेस्टर असणं शक्य नव्हतं. वारा तर असा वेडावाकडा वाहत नाही.

तिनं गावांची नावं एकदा वाचली आणि पुन्हा वाचली. मग एकेक करून मोठ्यानं म्हटली.

ज्योत्स्नाताईचं सासर. वंदूताईचं सासर. तिसरीचं, चौथीचं. तिच्या चार चुलतबहिणी त्या चार गावांत दिलेल्या होत्या. आणि भाटानं या चारी फांद्या जिथं नेऊन जोडल्या होत्या, ते पाचवं गाव होतं हिवरधुरा. गट नंबर एकशे बेचाळीस. मोठीमायचं वावर. तणाची वंशावळ म्हणून भाटानं तिच्या घरचीच वंशावळ वाचून दाखवली होती.

मोठीमाय म्हणजे द्वारकाबाई, प्रणिताच्या मोठ्या काकांची बायको. प्रणिता सहा वर्षांची असताना आई गेली आणि बापानं दुसरा घरोबा केला. तेव्हा मोठीमायनं चार लेकींच्या पंगतीत पाचवं ताट मांडलं. वाढताना कधी दुजाभाव केला नाही. तरीही प्रणिताच्या मनात एक सल होता. चार लेकी हक्काच्या, आपण ठेवून घेतलेल्या. नोकरी लागून बारा वर्षं झाली, तिनं दहा वेळा बोलावलं, पण मोठीमायनं तिच्या क्वार्टरची पायरी चढली नव्हती. काका गेल्यावर आणि गावातलं घर पुरात पडल्यावर मोठीमाय वावरातल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. त्या वावरावर पिवळी पाटी लावायची, आणि ती आपण! प्रणिताला पाटीची तितकी भीती नव्हती. तिला भीती होती की त्यानंतर मोठीमाय आपल्याला गोड बोलून परकं करेल. मग जगात कोणाला आई म्हणायचं?

शनिवारी सकाळी ती हिवरधुऱ्याला गेली.

मोठीमाय धुऱ्यावर, वावराच्या बांधाला, उकिडवी बसून भाजी खुडत होती. सत्तर उलटलेली, पण उठताना अजून गुडघ्यावर हात टेकत नव्हती.

"अवं पनी! न सांगता आली? चेहरा काहून असा उतरला? जेवली नाई वाटते."

"जेवतो ना. तुह्याच हातचं खाले आलो."

ताटात भाकर, ठेचा आणि रानमाठाची परतलेली भाजी पडली. लालसर देठाचा, किंचित मातकट चवीचा माठ. प्रणिताला तो जगात सगळ्यात जास्त आवडायचा. आज पहिला घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

"मोठीमाय, हा माठ तुह्याकडं कवापासून हाये?"

"आता झाले अकरा-बारा वर्षं." मोठीमायला असं कोणी विचारलेलं फार आवडायचं. ती सरसावून बसली. "तुहे काका होते तवाची गोष्ट. तनाचं औषध मारलं त्याईनं. धुऱ्यावरचं सारं जळून कोयसा झालं, आन हा एक उभा. लाल देठाचा, मस्त! म्या म्हटलं, याच्यात जीव हाये. याचं बी धरलं. दुसऱ्या साली अजून जालीम औषध आलं. त्यातूनबी दोन वाचले, त्याईचं धरलं. जो मरते त्याचं बी काय कामाचं? लेकीईच्या पुरचुंडीत मेल्या जातीचं बी बांधू काय?"

पुरचुंडीचं प्रणिताला माहीत होतं. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येत आणि परत निघताना मोठीमाय प्रत्येकीच्या पदरात बियाणाची पुरचुंडी बांधी. दोडक्याचं, वालाचं आणि माठाचं बी, सासरच्या परसात लावायला. ही तिच्या आजेसासूपासूनची रीत.

"आन पोरीबी रिकाम्या हातानं येत नाईत," मोठीमाय सांगत होती. "जिच्याकडं जो माठ चांगला तग धरते, त्याचं मूठभर बी ती घेऊन येते. ते सारं मी या मडक्यात एकत्र करतो आन पुढच्या साली त्यातूनच वाटतो. सगळ्याईले सगळ्याईचं भेटलं पाहिजे, नाई का?"

प्रणितानं कोनाड्यातल्या मडक्याकडे बघितलं. पाच गावांत पाच तऱ्हेची औषधं मारली जात. प्रत्येक गावात जे रोप वाचलं, त्याचं बी या मडक्यात आलं. मग ते एका वावरात शेजारी शेजारी उगवलं, एकाचे पराग दुसऱ्यावर पडले आणि एकेका औषधाला पुरून उरण्याचे गुण एकाच झाडात गोळा झाले. केंद्रातल्या दहा शास्त्रज्ञांना जे जमवायला पंधरा वर्षं लागली असती, ते एका चौथी शिकलेल्या बाईनं प्रेमापोटी, मडक्यात हात घालून, केलं होतं. रागवावं की पाया पडावं, प्रणिताला कळेना.

पण नऊ नंबर? ते औषध तर केंद्राच्या फाटकाबाहेर आलंच नव्हतं.

"साऱ्याईत चिवट माठ कोनाचा सांगू?" मोठीमाय कौतुकानं म्हणाली. "तुहा. मागच्या चार सालात तू जे मूठमूठ बी आनलं ना, त्याले काई म्हनता काई होत नाई बापा!"

प्रणितानं हातातला घास ताटात ठेवला.

तिच्या क्वार्टरमागे दोन हात जागा होती. मोठीमायच्या पुरचुंडीतला माठ ती दर वर्षी तिथं लावायची. कुंपणापलीकडे, चाळीस पावलांवर, चाचणीचे वाफे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. फवारणीच्या दिवशी औषधाचा बारीक तुषार कुंपण ओलांडून येत असणार. मारायला पुरा नाही, पण दुबळ्यांना गाळायला पुरेसा. दर वर्षी तिची निम्मी रोपं माना टाकायची. ऊन लागलं असेल, असं ती म्हणायची, आणि जी उभी राहायची त्यांचंच बी धरून आखजीला माहेरी न्यायची. चार वर्षं. सभा-सभांतून लोकांना जे करू नका म्हणून ती सांगत फिरली, नेमकं तेच तिनं आपल्या परसात केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

परतल्यावर तिनं आधी परसातलं एक पान तोडून भाटात घातलं. बारा मिनिटं ती उभीच होती. भाटानं सांगितलं ते तिला ठाऊकच होतं. नऊ नंबरला पुरून उरणारा गुण या परसात जन्मला होता, इथून हिवरधुऱ्याला गेला होता आणि मडक्यातून चारी बहिणींकडे.

तिनं ज्योत्स्नाताईला फोन केला. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि थोरलीसारखाच निकाल दिला.

"पनी, मायचं नाव कुठंच आलं नाई पाहिजे. माही सासू तिले लय मानते. हार्वेस्टरवर ढकलून दे ना. ते बाहेरून येतात, जातात, त्याईले कोन विचारते?"

"आन पुढच्या आखजीले?"

"मडकं मी फोडून टाकतो. पाय लागला म्हनतो."

प्रणितानं अहवाल उघडला. 'मूळ वावर : निश्चित नाही. प्रसार बहुधा हार्वेस्टरमधून.' एवढं एक वाक्य. टापरेंनी भाट स्वतः चालवला नसता, तिच्यावर त्यांचा विश्वास होता. तिनं वाक्य लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मडकं फुटलं तरी वावरातल्या मातीत लाखो बिया होत्याच. पुढच्या हंगामात नऊ नंबर आलं असतं, तिथल्या माठानं ते पचवलं असतं आणि तीन वर्षांत जिल्ह्याच्या हातात काही उरलं नसतं. कुठल्या तरी हार्वेस्टरवाल्याला गावबंदी झाली असती, त्या बिचाऱ्याचा दोष नसताना. आणि मोठीमायला ती दर खेपेला खोटं तोंड घेऊन भेटली असती. त्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या परवडल्या. प्रणितानं वाक्य खोडलं आणि रविवारी सकाळीच पुन्हा हिवरधुरा गाठलं.

तिनं सगळं सांगितलं. कुलूप आणि काडी, शंभर प्रती, मडकं, पाटी, तीन पावसाळे. सभेत सांगायची तसं नाही. जमिनीवर मोठीमायच्या समोर मांडी घालून, चाचरत.

मोठीमायच्या मांडीवर निवडायला घेतलेली डाळ तशीच राहिली.

"खाल्ल्यानं कोनाले काई होते काय?" तिनं आधी एवढंच विचारलं.

"नाई नाई. भाजी एकदम चांगली हाये. औषधानं मरत नाई, एवढंच."

"मंग पोरीईच्या सासरी जे तन माजलं, ते माह्याच पुरचुंडीतलं?"

"हो."

"ज्योत्स्नी मागच्या साली म्हने, माय, निंदता निंदता कंबर गेली. म्या वरून म्हटलं, आळशी झाली तू." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "अकरा साल मी लेकीईच्या पदरात काय बांधलं वं? आन एकीनंबी मले सांगितलं नाई."

"त्याईले माहीतच नव्हतं, मोठीमाय. कोनालेच नव्हतं." खरा कठीण भाग पुढेच होता. "आन ऐक. साऱ्यात वाईट गुन तुहा नाई. तो म्या आनला. माह्या परसात औषध उडून येत होतं, मले समजलंच नाई. जी रोपं वाचली त्याईचंच बी धरून मी तुह्या मडक्यात टाकत राह्यलो."

"तू?"

"हो."

"एवढी शिकलेली? गावोगावी भाषन देत फिरते, ते तू?"

"हो ना."

मोठीमायनं तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ थरथरले आणि प्रणिताला वाटलं, आता फुटते. फुटलं ते हसू. आधी नाकातून, मग पोटातून. ती इतकी हसली की डाळ जमिनीवर सांडली आणि तिला ठसका लागला. प्रणितानं पाणी दिलं.

"म्हंजे माह्यासारखीच बह्याड निघाली!" मोठीमाय डोळे पुसत म्हणाली. "मले वाटे, शिकून तू आमच्यातली राह्यली नाई."

मग ती एकदम गंभीर झाली. "लिही, काय लिहायचं ते. माहं नाव पयले लिही. मोठं लिही, चार लोकाईले दिसलं पाहिजे. झाकलं तर पुन्हा कोनी माय असंच करन."

"माहंबी लिहितो. दोन मुळं हायेत."

"लिही. पन माह्या खाली. वयानं लहान हाये तू."

अहवाल तिथंच ओसरीवर पुरा झाला. राहता राहिला प्रश्न मोठीमायच्या राहण्याचा. वावरातलं घर पंधरा दिवसांत सोडायला हवं होतं. प्रणितानं रात्रभर विचार करून ठेवलेलं आता बाहेर काढलं.

"तू माह्याकडं चाल. क्वार्टर मोठं हाये."

"नाई."

"काहून?"

"आमच्यात लेकीच्या घरी राहत नाईत. ज्योत्स्नीच्या घरी सत्तावीस वर्षांत मी पान्याचा घोट घेतला नाई. दारातून नातू पाह्यला आन परत आलो."

हे तर प्रणितालाही ठाऊक होतं, आणि त्यातूनच तिनं पळवाट शोधली होती. ती घाईघाईनं म्हणाली, "म्हनूनच तर म्हनतो. त्या चौघी लेकी. मी कुठं लेक हाये? मी पुतनी. पुतनीच्या घरी रायले काय हरकत हाये?"

मोठीमाय ताडकन उभी राहिली. प्रणितानं तिला कधी असं बघितलं नव्हतं.

"काय म्हनली? पुन्हा म्हन! बारा साल झाले तुह्या नोकरीले. दहा डाव तू बलावलं, दहा डाव माहा जीव तुटला. काय खात असन पोट्टी, कशी रायत असन! पन गेलो नाई. कायले गेलो नाई? पुतनी असती तर पयल्याच दिवशी डबा घेऊन आलो नसतो काय? लेकीचं घर म्हनून मन मारलं म्या! आन तू मले आज सांगते, मी पुतनी हाये म्हनून?"

बारा वर्षं ज्या गोष्टीचा प्रणितानं परकेपणा म्हणून हिशेब धरला होता, ती गोष्ट अशी होती. ती उठली आणि मोठीमायच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. मोठीमाय थोडा वेळ तशीच ताठ उभी राहिली, मग तिनं हळूहळू तिच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.

"चुकलं माहं," प्रणिता म्हणाली. "पन मंग तू जाशीन कुठं?"

मोठीमाय धुऱ्यावर गेली. लाल देठाचा एक माठ तिनं बुंध्याशी धरला, मुळासकट उपटला, झटकला आणि पालथा टाकला. मग दुसरा. मग तिसरा. वीस-पंचवीस झाल्यावर ती थांबली.

"पोरीईले हे काम जमनार नाई," ती म्हणाली. "वरून खुडतीन. खुडला तर पुन्हा फुटते. फुलाच्या आंधी, मुळासकट, हाताचा अंदाज पाहिजे. माहा माठ ज्या ज्या दारात गेला, त्या दारात मलेच जावं लागन." तिनं अजून एक माठ उपटला. "जाईन. पान्याचाबी घोट घेईन. देवानं विचारलं तर सांगीन, निंदाले आलतो."

"तूच मोड रीत, काई होत नाई," प्रणिता नाक पुसत म्हणाली. "आंधी माह्याकडं ये. शास्त्रानं पाह्यलं तर नऊ नंबरचं मूळ माह्याच परसात हाये, तिथूनच सुरू केलं पाहिजे."

"शास्त्र तुह्या हापिसात. दोन हात जागा तुही, ती आजच जाऊन तूच उपट. लेकीईच्या घरी नंबरानं जावं लागते, नाईतर थोरलीले राग येते." मोठीमायनं मातीच्या बोटांवर मोजलं. "ज्योत्स्नी, वंदी, मंग त्या दोघी. दोन-दोन मैने. तुहा नंबर पाचवा."

प्रणितानं मनातल्या मनात हिशेब केला. पाचवा नंबर यायला पुढचा एप्रिल उजाडणार होता. तिनं हुज्जत घातली नाही. धाकट्या लेकीला थांबावंच लागतं. तिनं पदर खोचला, मोठीमायशेजारी बसली आणि समोरचा माठ बुंध्याशी धरला.